खापरीवरचे गाव

[इजिप्त म्हटले, की आपल्याला पिरॅमिड, ममी आणि सोन्याने मढवलेले राजे आठवतात. पण राजांच्या कबरी खोदणारी माणसे कशी राहत होती, त्यांना मजुरी काय मिळे आणि मजुरी मिळाली नाही तेव्हा त्यांनी काय केले, याची माहिती या पाठात दिली आहे.]



उर्दूत तुम्ही ज्या देशाला 'मिस्र' म्हणता, त्यालाच मराठीत 'इजिप्त' म्हणतात. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही पिरॅमिडचे चित्र पाहिले असेल. ते पाहताना तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. एवढे मोठे दगड कोणी वाहिले? कोणी घडवले? राजाचे नाव पुस्तकात असते. दगड घडवणाऱ्याचे नाव कोठे असते?

बहुतेक वेळा ते कोठेच नसते. पण इजिप्तमध्ये एक गाव असे आहे, की तेथील कारागिरांची नावे आपल्याला माहीत आहेत. त्यांची घरे, त्यांचे आजार, त्यांची भांडणे, एवढेच नव्हे, तर त्यांच्या धुण्याचे हिशेबसुद्धा आपल्याला वाचता येतात. आज त्या गावाला 'दैर अल-मदीना' म्हणतात. 'दैर' म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ आणि 'मदीना' म्हणजे शहर. हे नाव पुष्कळ नंतर पडले. गावात कारागीर राहत होते तेव्हा त्या जागेला 'सत्याचे स्थान' अशा अर्थाचे नाव होते.

या गावाची गोष्ट समजण्यासाठी आधी इजिप्तचा राज्यकारभार थोडा समजून घेऊ.

इजिप्तच्या मधून नील नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. नदीच्या दोन्ही काठांवर हिरव्या शेतांचा अरुंद पट्टा आहे. त्याच्या पलीकडे वाळवंट. पाऊस जवळजवळ पडतच नाही. पण पूर्वी दरवर्षी उन्हाळ्यात नीलेला पूर येई. पूर ओसरला, की शेतांवर काळ्या गाळाचा थर राही. त्या गाळात गहू आणि जव उत्तम पिकत. १९७० साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. तेव्हापासून हा पूर येत नाही. पण त्याआधी हजारो वर्षे साऱ्या देशाचे पोट या पुरावर अवलंबून होते. प्राचीन इजिप्तमधील लोक वर्षाचे तीन ऋतू मानत : पुराचा ऋतू, पेरणी-वाढीचा ऋतू आणि कापणीचा ऋतू. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा. प्रत्येक महिना तीस दिवसांचा. वर्षाच्या शेवटी पाच दिवस जास्त धरत. असे ३६५ दिवस होत.

देशाचा प्रमुख म्हणजे राजा. त्याला 'फॅरो' म्हणत. उर्दूत हाच शब्द 'फिरऔन' असा आहे. या शब्दाचा मूळ अर्थ 'मोठे घर', म्हणजे राजवाडा. सारी जमीन राजाची आणि राजा हा देवाचा अंश, असे लोक मानत.

राजाच्या खालोखाल वजीर असे. 'वजीर' हा शब्द तुम्हांला चांगला ठाऊक आहे. न्याय देणे, कर गोळा करणे, कोठारांवर लक्ष ठेवणे, अधिकारी नेमणे, ही सारी कामे वजिराची. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळात दोन वजीर असत. एक उत्तर भागाचा, एक दक्षिण भागाचा. तिसऱ्या थुतमोस राजाचा रेखमिरे नावाचा एक वजीर होता. त्याच्या कबरीच्या भिंतीवर वजिराची कर्तव्ये लिहून ठेवली आहेत. ओळखीचा माणूस आणि अनोळखी माणूस या दोघांशी वजिराने सारखेच वागावे, असा उपदेश त्यांत आहे. हा उपदेश लक्षात ठेवा. पुढे त्याची आठवण होणार आहे.

वजिराच्या खाली अधिकारी, सेनापती आणि मोठ्या देवळांचे पुजारी. त्यांच्या खाली लेखनिक. त्यांच्या खाली कारागीर आणि सैनिक. सर्वांत खाली आणि संख्येने सर्वांत जास्त, शेतकरी. युद्धात पकडून आणलेले गुलामही होते. ही सारी रचना पिरॅमिडसारखीच होती. वर टोकाला एकच माणूस आणि तळाला लाखो माणसे.

त्या काळी इजिप्तमध्ये नाणी नव्हती. मग कर कशात भरत? धान्यात. कापणीच्या आधी लेखनिक दोरी घेऊन शेतावर येत. शेत मोजत आणि किती धान्य द्यायचे ते ठरवत. ते धान्य होड्यांतून राजाच्या आणि देवळांच्या कोठारांत जाई. त्याच कोठारांतून सैनिकांना, अधिकाऱ्यांना आणि कारागिरांना पगार मिळे. तोही धान्यातच. म्हणजे राज्याची खरी तिजोरी म्हणजे धान्याचे कोठार. ते भरलेले असेल, तरच राज्य नीट चाले.

आता आपण गावाकडे जाऊ.

नीलेच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, उघड्या डोंगरांत एक दरी आहे. तिला 'राजांची दरी' म्हणतात. पिरॅमिडमध्ये चोऱ्या होत, म्हणून पुढच्या काळातील राजांनी या दरीत, खडकाच्या पोटात, आपल्या कबरी खोदवून घेतल्या. तुतनखामेन राजाची प्रसिद्ध कबर याच दरीत १९२२ साली सापडली. या कबरी खोदणारे, भिंती गुळगुळीत करणारे, चित्रे काढणारे आणि रंगवणारे कारागीर ज्या गावात राहत, तेच हे गाव. इ. स. पूर्व १५०० च्या सुमारास ते वसले आणि चारशेहून अधिक वर्षे नांदले.

गाव लहानच होते. गावाभोवती भिंत होती आणि भिंतीच्या आत सुमारे ६८ घरे होती. घरे एकमेकांना चिकटून उभी. प्रत्येक घर अरुंद आणि लांब. दार रस्त्यावर उघडे. आत एकामागे एक अशा तीन-चार खोल्या. शेवटी स्वयंपाकघर. धूर जावा म्हणून त्याचे छप्पर अर्धे उघडे ठेवत. छपरावर जायला जिना असे. उन्हाळ्याच्या रात्री माणसे छपरावर झोपत. घरे मातीच्या कच्च्या विटांची होती. राजाची कबर मात्र डोंगराच्या खडकात. ती कायमची टिकावी, म्हणून ही माणसे जन्मभर राबत.

गाव वाळवंटात असल्यामुळे तेथे पाण्याचा थेंब नव्हता. पाणी नदीकडून गाढवांच्या पाठीवर येई. पाणी आणणारे, मासे पकडणारे, भाजी पिकवणारे, लाकूड तोडणारे, कपडे धुणारे असे लोक सरकारने गावासाठी नेमले होते. विचार करा. ज्या गावात पाणीही बाहेरून येते, त्या गावाचे जीवन किती परस्वाधीन असेल!

कारागिरांच्या टोळीचे दोन भाग असत. जहाजावरील खलाशांप्रमाणे त्यांना 'उजवी बाजू' आणि 'डावी बाजू' म्हणत. प्रत्येक बाजूला एक मुकादम असे. हिशेब ठेवायला लेखनिक असे. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा होता. साधारणपणे आठ दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी. कामाच्या दिवसांत कारागीर घरी येत नसत. डोंगरमाथ्यावर दगडांच्या लहान झोपड्या होत्या. तेथेच ते रात्री झोपत. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या होत्या. छिन्नी देताना ती वजन करून देत आणि परत घेतानाही वजन करून घेत. कबरीच्या आत अंधार असे. म्हणून दिव्यांच्या वातीही मोजून देत.

साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोते जव मिळे. मुकादमाला साडेपाच पोती गहू आणि दोन पोती जव. हे पोते सुमारे ७६ लिटर मापाचे होते. गव्हाची भाकरी होई. जव आंबवून एक पेय तयार करत, तेही त्यांचे रोजचे अन्नच होते. याशिवाय मासे, भाजी, सरपण आणि मडकी मिळत. हे सारे वेळेवर आले, तर कुटुंबाचे पोट चांगले भरे आणि थोडे धान्य बाजारात देऊन इतर वस्तूही घेता येत.

हे सारे आपल्याला कसे कळले?

त्या काळी पपायरस नावाचा कागद फार महाग होता. रोजच्या कामासाठी तो कोण वापरणार? म्हणून गावातील लोक फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहीत. अशा खापऱ्या आणि कपच्या फुकट मिळत आणि काम झाले, की फेकून देता येत. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाई, तुम्ही उर्दू लिहिता तशी. इजिप्तमध्ये फार थोड्या लोकांना लिहिता येई. पण या गावाचे कामच भिंतींवर अक्षरे कोरण्याचे होते. म्हणून येथे लिहिता-वाचता येणारी माणसे इतर गावांपेक्षा कितीतरी अधिक होती. मुलेही खापऱ्यांवर धडे गिरवत. अशा गिरवलेल्या खापऱ्यासुद्धा सापडल्या आहेत.

१८२२ साली शांपोल्यों या फ्रेंच विद्वानाने इजिप्तच्या प्राचीन लिपीचे कोडे उलगडले. पुढे १९२२ ते १९५१ या काळात बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने या गावाचे उत्खनन केले. गावाच्या उत्तरेला एक प्रचंड खड्डा आहे. तो सुमारे पन्नास मीटर खोल आहे. पाण्यासाठी तो खणला असावा, पण पाणी लागले नाही. मग त्यात कचरा पडत गेला. त्या कचऱ्यात लिहिलेल्या हजारो खापऱ्या आणि कपच्या मिळाल्या. पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यातून इतिहास बाहेर आला!

अशीच चुनखडीची एक मोठी कपची आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. तुमच्या वर्गात हजेरीपट असतो ना? ही कपची म्हणजे तसाच हजेरीपट आहे. दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षी, म्हणजे सुमारे ३२५० वर्षांपूर्वी, तो लिहिला गेला. त्यात चाळीस कारागिरांची नावे आहेत. कोण कोणत्या दिवशी गैरहजर होता, ते काळ्या शाईने लिहिले आहे आणि त्याचे कारण वर लाल शाईने. सेबा गैरहजर, कारण त्याला विंचू चावला. हुयनेफर गैरहजर, कारण त्याचे डोळे दुखत होते. पेन्नुब गैरहजर, कारण त्याची आई आजारी होती.

मित्रांनो, सेबा, हुयनेफर आणि पेन्नुब ही राजांची नावे नाहीत. ती साध्या मजुरांची नावे आहेत. आई आजारी पडली म्हणून एक मुलगा कामावर गेला नाही आणि लेखनिकाने ते कारण योग्य मानून लिहून ठेवले. तीन हजारांहून अधिक वर्षांनंतर आपण ते वाचत आहोत.

गावातील तंट्यांचा निवाडा गावातच होई. मुकादम, लेखनिक आणि काही कारागीर मिळून न्यायसभा भरवत. आपल्याकडच्या गावच्या पंचायतीसारखीच ती होती. या सभेपुढे स्त्रियाही स्वतः उभ्या राहत. इजिप्तमधील स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवता येई आणि ती कोणाला द्यायची हे तिला ठरवता येई. नाउनख्ते नावाची एक म्हातारी बाई सभेपुढे आली. तिला आठ मुले होती. ज्यांनी म्हातारपणी माझी काळजी घेतली, त्यांना माझ्या मालमत्तेत वाटा मिळेल आणि ज्यांनी मला वाऱ्यावर सोडले, त्यांना मिळणार नाही, असे तिने साक्षीदारांसमोर सांगितले. तिचे ते मृत्युपत्र आजही शिल्लक आहे.

आता या गावातील सर्वांत महत्त्वाची घटना ऐका.

इ. स. पूर्व ११५७ च्या सुमाराची गोष्ट. तिसरा रामसेस राज्य करत होता. त्याच्या कारकिर्दीचे ते एकोणतिसावे वर्ष होते. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात त्याला परकीय शत्रूंशी मोठ्या लढाया कराव्या लागल्या होत्या. देवळांना त्याने अपार जमीन आणि धान्य दान दिले होते. त्या दानांची यादी असलेला पपायरस सुमारे चाळीस मीटर लांब आहे! याच काळात धान्याचे भावही चढू लागले होते. देवळे भरलेली होती, पण कारागिरांच्या गावात महिन्याचे धान्य उशिरा येऊ लागले. कधी कमी येई. कधी येतच नसे.

त्या वेळी आमेननख्त नावाचा लेखनिक टोळीचा हिशेब ठेवत असे. वीस दिवस उलटूनही धान्य आले नाही, तेव्हा तो स्वतः जवळच्या एका देवळात गेला. तेथून त्याने ४६ पोती गहू मिळवला. काही दिवस निभावले. चार महिन्यांनी पुन्हा तीच वेळ आली. घरोघरी बायका-मुले पोटाला चिमटा घेऊन राहत होती.

मग एके दिवशी कारागिरांनी छिन्न्या खाली ठेवल्या. ते डोंगरातून खाली उतरले. पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडून शेतांच्या कडेला असलेल्या तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस गेले आणि आम्ही उपाशी आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुकादम आणि अधिकारी धावत आले. परत चला, राजाने आश्वासन दिले आहे, असे ते सांगू लागले. कारागीर उठले नाहीत. दिवसभर ते धरणे धरून बसले.

दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या रामसेसच्या मोठ्या देवळापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी देवळाच्या आत शिरले. तेथे त्यांनी अधिकाऱ्यांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. भूक आणि तहान आम्हांला येथे घेऊन आली आहे. आमच्याकडे कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. हे राजाच्या कानावर घाला आणि वजिरालाही कळवा, अशी त्यांची मागणी होती. लेखनिकाने ती लिहून घेतली. त्याच दिवशी मागच्या महिन्याचे थकलेले धान्य त्यांना मिळाले.

पण चालू महिन्याचे काय? कारागीर मागे हटले नाहीत. मेंटमोस नावाचा पोलिसांचा प्रमुख गावात आला. तुम्हांला वाटेल, की तो त्यांना मारायला आला. तसे झाले नाही. घरांना कुलपे लावा, बायका-मुलांना बरोबर घ्या, मी तुमच्या पुढे चालतो, असे तो म्हणाला. पोलीस प्रमुखानेच त्यांना सेती राजाच्या देवळाकडे नेण्याची तयारी दाखवली! थोड्याच दिवसांत त्या महिन्याचे धान्यही आले.

एवढ्यावर सारे संपले नाही. धान्य पुन्हा अडले आणि कारागीर पुन्हा बाहेर पडले. एकदा तर ते म्हणाले, की आम्ही केवळ भुकेसाठी आलेलो नाही. राजाच्या या जागी वाईट कामे होत आहेत. म्हणजे त्यांना फक्त पोते नको होते, न्यायही हवा होता. वजीर त्या भागात आला होता, पण तो आला होता राजाच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवाची तयारी करायला. तो कारागिरांना भेटला नाही. त्याने निरोप पाठवला. कोठारेच रिकामी असली, तरी जे सापडेल ते तुम्हांला देईन, अशा अर्थाचा तो निरोप होता. मिळाले मात्र अर्धेच धान्य. ओळखीच्या आणि अनोळखी माणसाशी सारखेच वागावे, हा वजिराला केलेला उपदेश तुम्हांला आठवतो ना? भिंतीवर लिहिलेला उपदेश वेगळा आणि प्रत्यक्ष कारभार वेगळा, हे त्या उपाशी माणसांना चांगलेच कळले असेल.

या साऱ्या घटनांची नोंद एका पपायरसवर आहे. तो इटलीतील तुरीन शहराच्या संग्रहालयात आहे. ही नोंद बहुधा आमेननख्तनेच केली. मजुरांनी काम थांबवून आपली दाद मागितली, याची जगाला माहीत असलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद आहे. आज आपण अशा कृतीला 'संप' म्हणतो.

पुढे काय झाले? राज्य हळूहळू दुबळे झाले. धान्य वेळेवर येण्याचे दिवस परतले नाहीत. वाळवंटातील टोळ्यांची भीती वाढली. राजांच्या कबरी फोडून सोने चोरल्याचे खटले चालले आणि त्यांत काही कारागीरही सापडले. इ. स. पूर्व १०७० च्या सुमारास लोकांनी गाव सोडले आणि जवळच्या एका देवळाच्या तटबंदीच्या आत आसरा घेतला. घरे ओस पडली. वाळूने गाव झाकून टाकले.

मित्रांनो, राजे म्हणत, की आमच्या कबरी अनंत काळ टिकतील. त्या टिकल्या, पण आतले सोने बहुतेक ठिकाणी चोरांनी नेले. खापऱ्यांना मात्र कोणी हात लावला नाही, कारण कोणाच्या दृष्टीने त्यांना किंमतच नव्हती. त्या खापऱ्यांनीच आपल्याला सांगितले, की सेबाला विंचू चावला होता, पेन्नुबची आई आजारी होती आणि एका महिन्यात गावातल्या चुली पेटल्या नव्हत्या. राज्य किती मोठे होते, हे त्याच्या कबरींवरून कळते. ते कसे चालत होते, हे मजुराच्या घरी महिन्याचे धान्य पोचले की नाही, यावरून कळते.

त्या कारागिरांच्या हाती तलवार नव्हती. त्यांना एकत्र बसता येत होते आणि आपले दुःख लिहून ठेवता येत होते. तुम्हीही उर्दू लिहिता आणि आता मराठी लिहायला शिकत आहात. आपल्या घरात, आपल्या गल्लीत जी माणसे रोज कष्ट करतात, त्यांची नावे आणि त्यांच्या गोष्टी कधीतरी लिहून ठेवा. कागद साधा असला तरी चालेल. खापरीपेक्षा तो नक्कीच चांगला आहे.

शब्दार्थ

खापरी – फुटलेल्या मातीच्या भांड्याचा तुकडा
कपची – दगडाचा पातळ तुकडा
कोठार – धान्य साठवण्याची मोठी जागा
लेखनिक – लिहिण्याचे व हिशेबाचे काम करणारा
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा
छिन्नी – दगड घडवण्याचे हत्यार
परस्वाधीन – दुसऱ्यावर अवलंबून असलेले
उत्खनन – जमीन खोदून जुन्या वस्तू शोधणे
निवाडा – न्याय, निकाल
गाऱ्हाणे – तक्रार
ओस पडणे – रिकामे, निर्जन होणे

वाक्प्रचार

वाऱ्यावर सोडणे – काळजी न घेता टाकून देणे
पोटाला चिमटा घेणे – भूक सोसणे
कानावर घालणे – सांगणे, कळवणे
धरणे धरणे – मागणी मान्य होईपर्यंत एका जागी बसून राहणे
दाद मागणे – न्याय मागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'फॅरो' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) प्राचीन इजिप्तमधील लोक कर कशात भरत?
(इ) गावात पाणी कसे येई?
(ई) सेबा कामावर गैरहजर का होता?
(उ) संपाची नोंद असलेला पपायरस आज कोठे आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वजिराची कामे कोणती होती?
(आ) गावातील लोक खापऱ्यांवर का लिहीत?
(इ) नाउनख्तेने आपल्या मालमत्तेबद्दल काय सांगितले?
(ई) पोलीस प्रमुख मेंटमोस कारागिरांशी कसा वागला?

३. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
कारागिरांनी काम का थांबवले आणि त्यानंतर काय घडले?

४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(६८, दहा, वजीर, धान्याचे)
(अ) राजाच्या खालोखाल –––– असे.
(आ) कारागिरांचा आठवडा –––– दिवसांचा होता.
(इ) भिंतीच्या आत सुमारे –––– घरे होती.
(ई) राज्याची खरी तिजोरी म्हणजे –––– कोठार.

५. जोड्या जुळवा.
'अ' गट : (१) आमेननख्त (२) रेखमिरे (३) शांपोल्यों (४) हुयनेफर
'ब' गट : (क) डोळे दुखणारा कारागीर (ख) लिपीचे कोडे उलगडणारा (ग) लेखनिक (घ) वजीर

६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
हजर, अरुंद, ओळखीचा, महाग, उजवी, रिकामे

७. एकवचन व अनेकवचन पाहा आणि त्याप्रमाणे लिहा.
खापरी – खापऱ्या, छिन्नी – ––––, झोपडी – ––––, कपची – ––––

८. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
दाद मागणे, वाऱ्यावर सोडणे, कानावर घालणे

९. उपक्रम
(अ) जगाच्या नकाशात नील नदी आणि लक्सर शहर शोधा.
(आ) तुमच्या ओळखीच्या एखाद्या कारागिराशी किंवा मजुराशी बोला. त्यांचा दिवस कसा जातो, ते मराठीत दहा ओळींत लिहा. लेखाला शीर्षक म्हणून त्यांचेच नाव द्या.